जुने स्टुडिओ फ्लॅश घ्यायचे आहेत, बघायला जाताना काय काय तपासू?

उजेडवेडी

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं माझं सगळं काम खिडकीच्या उजेडावर चाललंय. माणसांची पोर्ट्रेट काढते, आणि एक मैत्रीण मातीची भांडी घडवते, तिच्या भांड्यांचे फोटो काढते. पोर्ट्रेट खिडकीत छान येतात. भांड्यांचं मात्र जमत नाहीये. सकाळी काढलेला वाडगा आणि दुपारी काढलेला वाडगा शेजारी शेजारी ठेवले की एकाच भट्टीतले वाटत नाहीत. निळा ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत लेप, एकात हिरवट दिसतो, दुसऱ्यात राखाडी. तिला सगळे फोटो एकाच रंगात हवेत आणि तिचं बरोबरच आहे.

म्हणून फ्लॅश घ्यायचं ठरवलंय. नवे परवडणार नाहीत. ओळखीतला एक छोटा स्टुडिओ बंद होतोय, त्यांच्याकडे दोन संच आहेत. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच सांगतायत.

एक म्हणजे ४०० वॅट-सेकंदांचे दोन मोनोलाइट, म्हणजे सगळी यंत्रणा दिव्यातच असलेले फ्लॅश. बोवेन्स माउंट (पुढे साधनं अडकवायची जोडणी), सोबत दोन स्टँड, एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक पांढरी छत्री. वर्षभर बंद आहेत.

दुसरा म्हणजे २४०० वॅट-सेकंदांचा पॅक, म्हणजे जमिनीवर ठेवायची वीज साठवणारी पेटी, आणि तिला केबलने जोडायचे तीन दिवे, म्हणजे हेड. बराच जुना, पण दिसायला ठणठणीत, एक ओरखडा नाही. चार वर्षं कपाटात आहे.

मालक म्हणाले, शनिवारी या आणि हवं तेवढं चालवून बघा. मी आजवर कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तेवढा वापरलाय. तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं? सहापट ताकद त्याच पैशात मिळतेय तर पॅकच घ्यावा का?

भिंतीवरचीसावली

अभिनंदन! खिडकीतून बाहेर पडायची वेळ प्रत्येकावर येते. मी पोर्ट्रेटच जास्त करते, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते.

सहापट ताकद हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण वॅट-सेकंद दुप्पट झाले की उजेड फक्त एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढतो. ४०० वरून २४०० म्हणजे अडीच स्टॉपच्या किंचित वर. आयएसओ १०० वरून ६०० च्या आसपास नेलंत तर तेवढाच फरक पडतो. तुमच्या वाडग्याला आणि एका माणसाच्या चेहऱ्याला ४०० पुष्कळ झाले. माझा मुख्य लाइट बहुतेक वेळा पाव शक्तीवर असतो.

उलट मोठ्या पॅकची अडचण खालच्या टोकाला येते. जुने पॅक बऱ्याचदा १/१६ पर्यंतच खाली येतात. २४०० चा सोळावा भाग म्हणजे १५०. चेहऱ्यापासून एक मीटरवर सॉफ्टबॉक्स लावलाय, तुम्हाला एफ/२.८ वर मागचं धूसर करायचंय आणि लाइट खाली यायलाच तयार नाही. शटर वाढवून भागत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर, १/१६० ते १/२५० सेकंदावर थांबतो. मग लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावत बसायचं.

तेव्हा किती वर जातो याच्याइतकंच किती खाली येतो हेही विचारा.

कपॅसिटरवाला

उजेडवेडी ताई, ओरखडा नाही यावर काही ठरवू नका. मी अठरा वर्षं फ्लॅश दुरुस्त करतोय. स्टँडवरून पडून पोचा आलेला, रंग उडालेला, पण रोज चालणारा फ्लॅश मी डोळे झाकून घेईन. कपाटात चार वर्षं झोपलेला नवाकोरा दिसणारा फ्लॅश मला घाबरवतो.

कारण सांगतो. फ्लॅशच्या पोटात मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. भिंतीतली वीज हळूहळू त्यात साठते आणि एका क्षणात ट्यूबमधून बाहेर पडते. या कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो आणि तोच इन्सुलेशनचं काम करतो. कपॅसिटरवर अधूनमधून व्होल्टेज येत राहिलं तर हा थर टिकतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की थर कमकुवत होतो. मग एके दिवशी कोणीतरी उत्साहाने प्लग लावतो, शक्ती पूर्ण करतो आणि धडाधड चालवायला लागतो. थरातून करंट गळतो, कपॅसिटर तापतो, आत वायू तयार होतो, टोपण फुगतं. नशीब वाईट असेल तर फट् असा आवाज, उग्र वास आणि धूर.

शनिवारी काहीही सुरू करण्याआधी मालकांना नीट विचारा, शेवटचं कधी चालवलं होतं. पॅक खरोखर चार वर्षं बंद असेल तर तुमच्यासमोर पहिल्यांदा सुरू करून लगेच पूर्ण शक्तीवर उडवू देऊ नका. शक्य असेल तर शुक्रवारीच त्यांना फोन करून सांगा की दोन्ही संच थोडा वेळ चालू करून ठेवा. त्याची पद्धत खाली देतो.

मॉडेलिंग लॅम्प (उजेड कसा पडतोय ते दाखवणारा, सतत जळणारा बल्ब) बंद. शक्ती सगळ्यात कमी. मेन स्विच चालू करायचा आणि अर्धा ते एक तास न उडवता तसंच ठेवायचं. मग कमी शक्तीवर मिनिटाला एखादा असे दहाबारा फ्लॅश. मग अर्ध्या शक्तीवर नेऊन पुन्हा थांबायचं, पुन्हा दहाबारा. शेवटी पूर्ण. याला आम्ही कपॅसिटर फॉर्म करणं म्हणतो, थर पुन्हा बसतो. मध्येच फुसफुस आवाज, तडतड किंवा वास आला तर बंद करून प्लग काढायचा आणि त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही.

एक बारकावा. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशमध्ये शक्ती कमी केली की कपॅसिटरवरचं व्होल्टेजच कमी होतं. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून अर्ध्या शक्तीला व्होल्टेज साधारण ७० टक्के राहतं. त्यामुळे वरची पायरी पायरीची पद्धत त्यांना लागू पडते. आयजीबीटी (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रकारच्या फ्लॅशमध्ये कपॅसिटर कायम पूर्ण भरतो आणि फ्लॅश मध्येच तोडून शक्ती कमी केली जाते. त्यात डायल खाली ठेवून व्होल्टेज कमी होत नाही. तिथे नुसतं चालू ठेवून वाट बघणं एवढंच हातात असतं.

आणि हे सगळ्यांनाच सांगतो: फ्लॅश उघडू नका. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट राहू शकतात. हृदयाला झटका देणारी जुन्या पद्धतीची डिफिब्रिलेटर यंत्रं जास्तीत जास्त ३६० ज्यूल देतात. वॅट-सेकंद आणि ज्यूल एकच. तुमचा लहान मोनोलाइटसुद्धा ४०० चा आहे.

शीटफिल्म

पॅकची बाजू मांडायला कोणीतरी हवं म्हणून लिहितोय. मी आजही ४×५ इंचाच्या शीट फिल्मवर काम करतो. बेलोज, म्हणजे कॅमेऱ्याचा भाता, ओढलेला असतो, एफ/३२ वर जावं लागतं, फिल्म आयएसओ १००. तिथे ४०० चा मोनोलाइट उडाला काय न उडाला काय, सारखंच. पॅकला पर्याय नाही.

दुसरं, पॅकचे हेड हलके असतात. सगळं वजन जमिनीवर. बूमवर डोक्याच्या वर लाइट टांगायचा असेल तेव्हा दोन किलोंचा मोनोलाइट आणि हलका हेड यातला फरक स्टँडला कळतो, आणि खाली बसलेल्या माणसालाही. शक्ती बदलायला शिडी चढावी लागत नाही, हात खालीच पोचतो.

माझा पॅक वीस वर्षांहून जुना आहे आणि दर पंधरा दिवसांनी मी तो चालवतोच, काम असो नसो. कपॅसिटरवाल्यांनी सांगितलेलं शब्दशः खरं आहे. झोपू दिला नाही म्हणून टिकला.

फक्त एक पथ्य कायम पाळा. पॅक भरलेला असताना हेडची केबल काढू किंवा लावू नका. आधी बंद करा, साठलेला फ्लॅश उडवून रिकामा करा, मग केबल. मी एकदा घाईत केबल ओढली होती. कनेक्टरमध्ये निळी ठिणगी पडली आणि दोन पिना वितळल्या. हात वाचला.

कपॅसिटरवाला

शीटफिल्म, तुमच्यासारख्याच्या हातात पॅक असेल तर मी काही बोलणार नाही. पण ताईंना भांडी आणि चेहरे करायचेत, कॅमेरा डिजिटल आहे. आणि पॅक बिघडला की तिन्ही हेड एकदम बंद. दोन मोनोलाइटपैकी एक गेला तर दुसऱ्यावर काम चालतं. जुन्या पॅकची केबल, कनेक्टर, ट्यूब हे सगळं त्या त्या कंपनीचं वेगळं. सुटा भाग मिळेल की नाही हे घेण्याआधी बघा, घेतल्यावर नको.

मोजपट्टी

मी छंद म्हणून टेबलावरच्या वस्तूंचे फोटो काढतो आणि आतापर्यंत पाच वापरलेले फ्लॅश घेतलेत. दर वेळी सोबत नेतो ते: कॅमेरा, ट्रायपॉड, सिंक केबल, रेडिओ ट्रिगर, मल्टिमीटर आणि एक टॉर्च. लाइट मीटर असेल तर उत्तम, नसेल तर कॅमेरा पुरतो.

सगळ्यात आधी, प्लग लावायच्याही आधी, मागची पाटी वाचा. किती व्होल्टचा आहे? वापरलेले फ्लॅश एका देशातून दुसऱ्या देशात फिरत असतात. फक्त १२० व्होल्टवर चालणारा फ्लॅश २३० च्या सॉकेटला लावला तर तिथेच संपतो. काही मॉडेल दोन्हीवर चालतात, उदाहरणार्थ आइन्स्टाइन ई६४० ला ९५ ते २६५ व्होल्ट काहीही चालतं. पण त्यातही मॉडेलिंगचा बल्ब आपल्या व्होल्टेजचा घालावा लागतो. प्लगला अर्थिंगची पिन आहे का, कोणी कापून तर टाकली नाही ना, तेही बघा.

पाटी वाचताना वॅट-सेकंदाचा आकडा पाटीवरचाच धरा, नावातला नको. एलियनबीज बी८०० हा ३२० वॅट-सेकंदांचा फ्लॅश आहे आणि बी१६०० हा ६४० चा. नावातले ८०० आणि १६०० हे ‘परिणामी’ वॅट-सेकंद, म्हणजे कंपनीने वेगळ्या हिशोबाने धरलेले. फ्लॅश चांगलेच आहेत, पण दुसऱ्याच्या ८०० शी तुलना करायला गेलात तर फसाल.

मग टॉर्च घेऊन ट्यूब बघा. फ्लॅश बंद, प्लग काढलेला, काचेचं झाकण असेल तर ते मालकांनाच काढू द्या. ट्यूब म्हणजे ती गोल वळवलेली काचेची नळी. तिची दोन टोकं, जिथे इलेक्ट्रोड असतात, तिथे बघायचं. आपल्या जुन्या ट्यूबलाइटची टोकं कशी काळी पडतात तसंच इथे होतं. हलकी राखाडी छटा चालते, तो वयाचा भाग आहे. दाट काळी झाली असेल आणि काळेपणा नळीत आतपर्यंत सरकला असेल तर ट्यूब लवकरच बदलावी लागेल. नळीवर केसासारखी बारीक चीर आहे का, बाहेरून गुंडाळलेली ट्रिगरची तार तुटलेली नाही ना, तेही बघा. काही ट्यूब पिवळसर सोनेरी दिसतात. तो खराबपणा नाही, अतिनील किरण अडवणारा लेप असतो तो. काचेला उघड्या बोटाने हात लावू नका. बोटाचं तेल तापलेल्या क्वार्ट्झवर डाग धरतं आणि काच तिथेच कमकुवत होते.

ट्यूब पिनांवर बसवलेली आहे की डाख देऊन जोडलेली, हे विचाराच. पिनांवरची घरी बदलता येते. डाखाची कारागिराकडे न्यावी लागते.

मोजपट्टी

वरचा प्रतिसाद लांबला म्हणून चालवून बघण्याचं वेगळं लिहितो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

खोलीतले दिवे मालवा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/१२५, एफ/८, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर पक्का. ऑटो ठेवलात तर रंगातला फरक कॅमेराच लपवून टाकेल. आधी फ्लॅश न उडवता एक फोटो काढा, तो काळाकुट्ट आला पाहिजे. म्हणजे पुढे जे दिसेल ते फक्त फ्लॅशचं.

आता साध्या भिंतीवर लाइट रोखा आणि एकाच शक्तीवर दहा फोटो काढा. प्रत्येक वेळी तयारीचा बीप किंवा दिवा आल्यावरच उडवा. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दहा फोटो पटापट पुढे सरकवा. चांगल्या फ्लॅशचे दहाही फोटो एकच फोटो असल्यासारखे स्थिर दिसतात. एखादा मध्येच काळवंडला तर तो कितवा ते लिहून ठेवा आणि पुन्हा दहा काढा. एखादा फ्लॅश पूर्णच चुकला तर आधी ट्रिगर बदलून बघा. बऱ्याच वेळा दोष रेडिओ ट्रिगरच्या बॅटरीचा निघतो.

मग पायऱ्या. पूर्ण शक्तीला एफ/१६, अर्ध्याला एफ/११, पावला एफ/८. तिन्ही फोटोंत भिंत सारखीच उजळ दिसली पाहिजे. नसेल तर डायल खोटं बोलतंय. याच तीन फोटोंत रंगही बघा. जुन्या व्होल्टेजवाल्या फ्लॅशमध्ये शक्ती कमी केल्यावर उजेड किंचित पिवळा होतो, आयजीबीटीवाल्यात किंचित निळा. थोडा फरक ठीक. पण ताई, तुमची खरी तक्रारच रंगाची आहे, तेव्हा तुम्ही हे तीन फोटो घरी आणून मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

शेवटी पूर्ण शक्तीवर रिसायकलचा, म्हणजे उडाल्यावर पुन्हा भरायचा, वेळ मोजा, घड्याळ लावून. माहितीपत्रकात दिलाय त्याच्या दुप्पट लागत असेल तर कपॅसिटर दमलेत किंवा बराच काळ झोपलेत.

उजेडवेडी

बापरे, केवढं शिकवलंत! सगळं वहीत उतरवून घेतलं. मालकांना फोन केला. मोनोलाइट उद्याच चालू करून ठेवतो म्हणाले. पॅक मात्र त्यांच्या वडिलांचा होता, त्यांना स्वतःलाच तो चालू करायची भीती वाटते. हे ऐकल्यावर माझा निर्णय जवळजवळ झालाच.

मोजपट्टी, मल्टिमीटर कशासाठी ते राहिलं.

मोजपट्टी

हो, राहिलंच. सिंक केबलने कॅमेरा थेट फ्लॅशला जोडला की फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज कॅमेऱ्याच्या आत पोचतं. आजच्या फ्लॅशमध्ये ते पाचसहा व्होल्ट असतं. जुन्यात ते भयंकर असू शकतं. सुरुवातीच्या काळातल्या व्हिव्हिटार २८३ मध्ये ते २०० व्होल्टच्या पुढे असायचं, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यात धातूचे संपर्क होते, त्यांना फरक पडत नव्हता. आजच्या कॅमेऱ्यात नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आहे. आयएसओ १०३३० या मानकात मर्यादा २४ व्होल्ट धरली आहे. काही कॅमेरे २५० पर्यंत सहन करतात, काहींना त्याहून बरंच कमी चालतं. आपल्या कॅमेऱ्याचं माहितीपत्रक बघायचं.

मोजायचं असं: फ्लॅश चालू, पूर्ण भरलेला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, मोठ्या रेंजपासून सुरू. सिंक केबल फ्लॅशला लावा आणि केबलच्या मोकळ्या टोकाच्या दोन संपर्कांना दोन काड्या टेकवा. जो आकडा येईल ते ट्रिगर व्होल्टेज. काड्या एकमेकींना लागल्या तर फ्लॅश उडेल, तेव्हा ट्यूबकडे तोंड करून मोजू नका.

रेडिओ ट्रिगर वापरलात तर कॅमेरा सुरक्षित. पण रिसीव्हरलाही त्याची मर्यादा असते, ती बघा.

भिंतीवरचीसावली

माउंटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. बोवेन्स माउंट आहे हे फार चांगलं. मूळ बोवेन्स कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी एस प्रकारचा हा माउंट आज कितीतरी कंपन्या वापरतात. सॉफ्टबॉक्स, स्नूट, ब्यूटी डिश सहज मिळतात, जुन्यात तर ढिगाने. दुसऱ्या एखाद्या माउंटचा फ्लॅश स्वस्त मिळाला आणि त्याचा सॉफ्टबॉक्स नवाच घ्यावा लागला की वाचवलेले पैसे तिथेच जातात.

माउंटची ती तीन नखं नीट धरतात का, ते सॉफ्टबॉक्स लावून, लाइट खाली झुकवून, थोडा हलवून बघा. माझ्या एका जुन्या लाइटचं कुलूप झिजलेलं होतं. सॉफ्टबॉक्स पोर्ट्रेट काढताना एका आजींच्या मांडीवर पडला. कापड आणि काड्याच होत्या म्हणून निभावलं, पण त्या आजी दचकल्या ते मला अजून आठवतं.

सॉफ्टबॉक्सचं पांढरं कापडही बघा. जुनं कापड पिवळं पडतं आणि तो पिवळेपणा सगळ्या फोटोंत उतरतो. आपण फ्लॅशला दोष देत बसतो. कोरा कागद कापडाशेजारी धरला की लगेच कळतं.

दिवसाउजेडी

वाचक आहे फक्त, पण एक विचारू का? त्यापेक्षा वापरलेला बॅटरीवाला फ्लॅश घेतला तर? वायरच नको.

कपॅसिटरवाला

घेता येतो, पण मग तुम्ही दोन जुन्या वस्तू घेताय: एक फ्लॅश आणि एक लिथियम बॅटरी. बॅटरीचं वय दिसत नाही. गोडॉक्स एडी६००बीएम च्या बॅटरीवर नवी असताना पूर्ण शक्तीचे ५०० च्या आसपास फ्लॅश मिळतात. जुनीवर किती उरलेत हे तासभर उडवत बसल्याशिवाय कळणार नाही. फुगलेली बॅटरी असेल तर फुकटही घेऊ नका. आणि त्या मॉडेलची नवी बॅटरी अजून मिळते का, हे आधी बघा. मैदानात काम असेल तर जरूर घ्या. टेबलावरच्या वाडग्याला भिंतीतली वीज बरी.

उजेडवेडी

शनिवारचा वृत्तांत.

पॅक बघितला, हात लावला नाही. खरंच देखणा आहे. शीटफिल्म, तुम्हाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कोणीतरी समजणाऱ्या माणसाकडे जावा असं मालकांना मनापासून वाटतंय.

मोनोलाइट. पाटी २२० ते २४०, अर्थिंगची पिन जागेवर. ट्रिगर व्होल्टेज दोन्हींचं पाचच्या आसपास. काड्या टेकवताना हात थरथरत होता, पण मोजलं.

पहिल्या लाइटची ट्यूब स्वच्छ. दहा फोटो एकदम स्थिर. पटापट पुढे सरकवले तर भिंतीवरचा खिळा सोडून काही हललंच नाही, आणि खिळाही मी ट्रायपॉडला धक्का दिला म्हणून हलला. पूर्ण, अर्धा, पाव, तिन्ही बरोबर.

दुसरा लाइट. ट्यूबचं एक टोक काळं, साधारण नखाएवढा भाग. दहांपैकी चौथा आणि नववा फोटो मंद. पुन्हा दहा काढले, तेव्हा फक्त सहावा मंद. पूर्ण शक्तीला भरायला साडेचार सेकंद, पहिल्याला दोन. मॉडेलिंग लॅम्प दोन्हींचे चालू, पंखे चालू. माउंट घट्ट. सॉफ्टबॉक्सचं कापड मात्र कागदाशेजारी चहाच्या डागासारखं दिसलं.

मालकांना फोटो दाखवले. ते माझ्याइतकेच वाकून बघत होते. म्हणाले, हा लाइट ते मागे पार्श्वभूमीवर लावायचे, म्हणून कधी लक्षातच आलं नाही. आता दोन्ही मिळून काय द्यायचं ते तुम्हीच सांगा असं म्हणतायत. कपॅसिटरवाले, दुसरा घ्यावा का?

कपॅसिटरवाला

ट्यूब पिनांवरची आहे का?

उजेडवेडी

हो, पिनांवरची. आणि त्या मॉडेलची नवी ट्यूब मिळतेय, चौकशी केली.

कपॅसिटरवाला

मग घ्या. ठरलेल्या किमतीतून नव्या ट्यूबची पूर्ण किंमत वजा करा आणि कापडाचं थोडं. माणूस प्रामाणिक दिसतोय, त्याहून जास्त घासाघीस करू नका.

अधूनमधून मंद होणं हे बहुतेक ट्यूबचंच. संथ भरणं हे पडून राहिल्यामुळे असू शकतं. घरी नेल्यावर वर सांगितलेली पद्धत पूर्ण वेळ देऊन करा, दोन-तीन दिवस रोज. त्यांनी शुक्रवारी एकदाच केलंय, तेवढं पुरत नाही. वेळ कमी झाला तर कपॅसिटर सुधारताहेत. तसाच राहिला तर मला सांगा, पण तोपर्यंत त्याला पूर्ण शक्तीवर राबवू नका. पार्श्वभूमीला तसाही पाव शक्तीवर लागेल.

शीटफिल्म

व्यनि केला आहे. पॅकच्या हेडचे कनेक्टर जवळून काढलेले फोटो मिळाले तर बरं होईल. घेतला तर पहिला महिना नुसता फॉर्म करण्यात घालवेन.

उजेडवेडी

दहा दिवसांनी लिहितेय.

दोन्ही घेतले. दुसऱ्या लाइटला चार संध्याकाळी दिल्या. पहिल्या दिवशी साडेचार सेकंद, दुसऱ्या दिवशी साडेतीन, चौथ्या दिवशी अडीचच्या आत. वहीत तक्ता करून ठेवलाय. नवी ट्यूब काल बसवली, सुती हातमोजे घालून, आदल्या रात्रीपासून प्लग काढून ठेवला होता. दहा फोटो काढले, दहाही सारखे.

सॉफ्टबॉक्सचं कापड बदललं. आज मैत्रीण तिचे सहा वाडगे घेऊन आली होती. सकाळी तीन काढले, मग बाहेर पाऊस आला, अंधारून आलं, आम्ही पडदे ओढून उरलेले तीन काढले. संगणकावर सहाही शेजारी लावले. निळा निळाच. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग एका वाडग्याच्या काठावर बोट ठेवून म्हणाली, इथे ग्लेझ पातळ झालाय, हे मला हातात धरूनही दिसलं नव्हतं.

आता एकच अडलंय. चकचकीत ग्लेझमध्ये सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन अख्खा दिसतो, मधल्या काडीसकट. तो घालवायचा कसा?

मोजपट्टी

पूर्ण घालवू नका, चमक गेली तर ग्लेझ मातीसारखा मेलेला दिसेल. सॉफ्टबॉक्स आणि वाडगा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव टांगा, वाडग्यापासून हातभर अंतरावर, आणि लाइट त्या कागदापासून मागे घ्या. चौकोनाच्या कडा कागदावर विरघळतात. लाइट मागे नेत नेत बघा, एका जागी काठावर फक्त एक मऊ पांढरी रेघ उरते.

उजेडवेडी

ताव आहे घरात. आत्ताच करून बघते.